वेकबोर्डवर उभे राहताना : पहिला धडा

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील लेक सिटी या गावी १९२२ च्या उन्हाळ्यात राल्फ सॅम्युएलसन हा अठरा वर्षांचा तरुण पाण्यावर उभे राहण्याच्या खटपटीस लागला. प्रथम त्याने पिंपाच्या फळ्या पायांना बांधल्या, नंतर बर्फावरील स्की वापरल्या. दोन्ही वेळा तो बुडाला. अखेर त्याने रुंद लाकडी फळ्यांची टोके वर वळविली आणि २ जुलै रोजी, मागे रेलून ती टोके पाण्याबाहेर धरताच, होडीच्या ओढीने तो उभा राहिला. केवळ बळाने जे साधले नव्हते, ते फळीच्या योग्य कलाने साधले. वेकबोर्ड शिकणाऱ्याचा पहिला धडाही हाच होय.

नौकेच्या मागे उठणाऱ्या लाटेस इंग्रजीत वेक म्हणतात. त्यावरून या खेळास नाव मिळाले. यात दोन्ही पाय एकाच फळीवर आडवे बांधलेले असतात. टोनी फिन यांनी १९८५ मध्ये काढलेली स्कर्फर ही फळी फार तरंगणारी असल्याने खोल पाण्यात तिच्यावर उठणे कठीण जाई. १९९० मध्ये हर्ब ओब्रायन यांनी सहज पाण्याखाली दाबता येईल अशी पातळ फळी बाजारात आणली आणि सामान्य शिकाऊ व्यक्तीसही हा खेळ आवाक्यातला झाला.

उठण्याची रीत

शिकणाऱ्याने पाण्यात पाठीवर रेलून तरंगावे. गुडघे छातीशी, टाचा शक्य तितक्या जवळ आणि फळी दोरास आडवी असावी. हात सरळ ठेवून दांडी गुडघ्यांपुढे धरावी. नौका हळूहळू वेग घेऊ लागली की पाण्याचा दाब फळीच्या तळावर येतो व तीच शरीरास वर उचलते. या क्षणी स्वतः उठण्याची घाई करू नये. फळी पाण्याच्या पृष्ठावर येईपर्यंत उकिडवेच राहावे. त्यानंतर पुढील पायाच्या बाजूने फळी नौकेच्या दिशेस वळवावी, दांडी पुढील कमरेजवळ आणावी आणि सावकाश उभे राहावे. गुडघे मात्र वाकलेलेच ठेवावेत.

नवशिक्यांच्या हातून बहुधा दोन चुका होतात. पहिली, हातांनी दांडी स्वतःकडे ओढणे. त्यामुळे दोर सैल पडतो व शरीर मागे कोसळते. दुसरी, पाय लवकर ताठ करणे. त्यामुळे फळी पाणी कापण्याऐवजी नांगराप्रमाणे ढकलू लागते आणि दांडी हातून निसटते. हे टाळण्यासाठी आधी जमिनीवर सराव करावा. शिकणाऱ्याने फळी बांधून खाली बसावे व सोबत्याने दोर ओढून त्यास उठू द्यावे. चार-सहा वेळांत शरीरास ओढीची ओळख होते.

सुरक्षितता

पोहता येत असले तरी अंगास बसणारे जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय कोणासही पाण्यात उतरवू नये. नौकेत चालकाखेरीज शिकणाऱ्यावर सतत नजर ठेवणारी दुसरी व्यक्ती हवी, कारण चालकाचे लक्ष पुढे असते. अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, खाली म्हणजे कमी करा, ही खूण आधीच ठरवून घ्यावी. पडताना दांडी तत्काळ सोडावी. पडलेल्या व्यक्तीस नौकेत घेण्यापूर्वी यंत्र बंद करावे, कारण फिरत्या पंख्यापासून जिवास धोका असतो. पाण्याखालचे खडक, झाडांचे बुंधे, मासेमारीची जाळी आणि पोहणारे लोक यांपासून दूर अशी खोल व मोकळी जागा निवडावी.

महाराष्ट्रात कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी मुनावळे येथे २०२४ मध्ये जलपर्यटन केंद्र सुरू झाले. इतर जलाशयांच्या काठीही अशा खेळांचा विचार होईल, तेव्हा पाण्याची खोली व वारा ओळखणाऱ्या स्थानिक तरुणांस शास्त्रशुद्ध प्रशिक्षण मिळाले तर त्यांना रोजगार लाभेल आणि येणाऱ्यांच्या जिवाची हमीही वाढेल. मात्र नौका विकत घेण्यापूर्वी पोहण्याचे शिक्षण, जाकिटे व प्रशिक्षित जीवरक्षक यांची तरतूद झाली पाहिजे. सॅम्युएलसनने आपल्या चुका स्वतः पाण्यात पडून सुधारल्या. गावातील मुलांस त्या आधीच सांगता येतात, आणि ते काम शाळा व पंचायत यांनी मिळून करण्याजोगे आहे.