जेट स्वस्त, बॅटरी महाग: ईडीएफ मॉडेल विमानाचा खरा हिशेब

मैदानावर मॉडेल जेट उतरलं की भोवती जमलेल्यांपैकी कुणीतरी हमखास विचारतो, "केवढ्याला पडलं?" मालक आकडा सांगतो. आकडा खरा असतो, पण अर्धवट. त्यात विमान असतं. बॅटऱ्या, चार्जर, रेडिओ आणि पहिल्या दोन आपटण्यांची दुरुस्ती नसते. हा राहिलेला हिशेब आधीच मांडलेला बरा, कारण पुढे बहुतेक पैसे त्यातच जातात. खालचे भाव ढोबळ आहेत. डॉलर आणि दुकान बदललं की तेही बदलतील, पण खर्चाचं एकमेकांशी प्रमाण साधारण असंच राहतं.

आधी अँपिअर

ईडीएफ म्हणजे इलेक्ट्रिक डक्टेड फॅन: विमानाच्या पोटात नळकांड्यात बसवलेला छोटा पंखा. ७० मिलिमीटरचा पंखा जोरात असताना मिनिटाला चाळीस हजारांच्या आसपास फेरे घेतो. जेटसारखा आवाज त्यातूनच येतो आणि वीजही तिथेच जाते. मोठा प्रोपेलर भरपूर हवा सावकाश ढकलतो. हा पंखा थोडीच हवा प्रचंड वेगाने फेकतो. तेवढ्याच रेट्यासाठी त्याला बरीच जास्त वीज लागते. दोघांतला खर्चाचा फरक इथूनच सुरू होतो.

पंखे ५०, ६४, ७०, ८० आणि ९० मिलिमीटरचे मिळतात. ६४ चा बहुधा ३ किंवा ४ एस बॅटरीवर चालतो, ७० चा ४ ते ६ एसवर, ८० चा ६ एसवर. 'एस' म्हणजे एकापुढे एक जोडलेले सेल. एका लायपो (लिथियम पॉलिमर) सेलचा विद्युतदाब ३.७ व्होल्ट धरतात, पूर्ण भरल्यावर ४.२. म्हणजे ६ एस बॅटरी २२.२ व्होल्टची, भरल्यावर २५.२ ची.

आता उड्डाण किती मिनिटांचं? बॅटरी ८० टक्केच वापरायची, असा नियम धरा. ५००० एमएएचच्या बॅटरीतून मग ४ अँपिअर-तास मिळतात. उड्डाणात सरासरी ५० अँपिअर ओढले, तर ४ भागिले ५० तास, म्हणजे पावणेपाच मिनिटं. ६४ च्या पंख्याला २२०० एमएएचची बॅटरी लावली आणि सरासरी २८ अँपिअर गेले, तर पावणेचार. उतरण्यासाठी एक फेरी हातात ठेवा आणि रेडिओवरचा टायमर त्याहून अर्धा मिनिट आधी वाजू द्या.

अंदाजपत्रक पहिलं: घरी बनवलेलं ६४ मिलिमीटरचं जेट

फोम शीट कापून, हॉट ग्लूने चिकटवून, कार्बन रॉड घालून केलेलं जेट दिसायला साधं असतं. पण ते आपटलं तर संध्याकाळी घरीच दुरुस्त होतं.

- पंखा आणि मोटर: २,५०० ते ४,००० रुपये
- ६० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारा भाग): २,००० ते ३,५००
- चार छोटे सर्व्हो (पंख-शेपटीचे भाग हलवणाऱ्या मोटरी): १,२००
- फोम, रॉड, टेप, ग्लू: १,००० ते १,५००
- ४ एस २२०० एमएएचच्या दोन बॅटऱ्या: ६,०००
- रेडिओ आणि रिसीव्हर: ५,००० ते ८,०००
- बॅलन्स चार्जर: ३,०००
- वॉट मीटर, बॅटरीची अग्निरोधक पिशवी, कनेक्टर: २,०००

बेरीज २३ ते २९ हजार. यातल्या रेडिओ, चार्जर आणि मीटर या वस्तू पुढच्या विमानालाही चालतात. पहिल्याच खरेदीत रेडिओ बरा घ्या. यूएसबीने संगणकाला जोडता येणारा असला, तर त्यावरच सिम्युलेटर खेळता येतो. पिकासिमसारखा फुकट सिम्युलेटर आहे. तिथे विमान आपटायला पैसे पडत नाहीत.

अंदाजपत्रक दुसरं: तयार जेट

फ्रीविंग, एफएमएस, ई-फ्लाइट यांची रंगवलेली, चाकं आत घेणारी जेटं मोहात पाडतात. ७० ते ८० मिलिमीटरचं विमान हातात येईपर्यंत ३० ते ४५ हजार धरा. त्यावर ६ एसच्या दोन बॅटऱ्या १८ हजार, दमदार चार्जर ७ हजार, रेडिओ १० हजार, किरकोळ २ हजार. एकूण ६७ ते ८२ हजार.

चार्जरवर इतके पैसे कशाला? ५० वॉटचा साधा चार्जर ६ एस बॅटरीत जेमतेम २ अँपिअर भरतो. ४ अँपिअर-तास परत भरायला दोन तास लागतात. मैदानावर सकाळी आठला गेलात, तर दुसऱ्या उड्डाणापर्यंत डोक्यावर ऊन येतं. एका तासात भरायची, तर १२६ वॉट पाहिजेत.

"अमेरिकेतला भाऊ घेऊन येईल" असं ठरवलं असेल, तर दोन गोष्टी आधी पाहा. परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर भारतात फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. सुट्या भागांवर ती नाही. रिमोटवर उडणारं तयार विमानही कस्टम्समध्ये अडकू शकतं. दुसरं, ६ एस ५००० एमएएच म्हणजे १११ वॉट-तास. १०० च्या वरच्या बॅटरीला विमान कंपनीची आगाऊ संमती लागते, आणि सुटी बॅटरी चेक-इन सामानात चालत नाही. बॅटरी इथेच घ्या.

अपग्रेडचा सापळा

माझ्याकडे ७० मिलिमीटरचं ४ एसवर उडणारं जेट होतं. चांगलं उडायचं, पण सरळ वर चढताना धाप लागायची. ६ हजारांत ६ एसचा पंखा-मोटर आणला. ईएससीवर '६ एसपर्यंत' असं छापलं होतं, म्हणून जुना ६० अँपिअरचाच ठेवला. विमान टेबलाला बांधलं, मीटर लावलं, थ्रॉटल पुढे केला. मीटरवर ६८ अँपिअर आले. मी आकडा वाचत होतो तोवर पिवळा धूर आणि जळकट वास. दहा सेकंदही झाले नसतील.

मग एकेक कडी बदलत गेली. ८० अँपिअरचा ईएससी साडेपाच हजार. ६ एस ४००० एमएएचच्या दोन बॅटऱ्या सोळा हजार. चार्जर साडेसहा हजार. एक्सटी ६० हा कनेक्टर ६० अँपिअरपर्यंतच असतो, म्हणून सगळीकडे एक्सटी ९०. सहा हजारांचं अपग्रेड ३४ हजारांवर गेलं. नव्या बॅटरीने विमान ३०० ग्रॅमनी जड झालं, उतरण्याचा वेग वाढला, आणि दुसऱ्याच दिवशी मुरमावर पुढचं चाक फोमसकट उपटून आलं.

व्होल्ट वाढवले की पंखा, ईएससी, कनेक्टर, बॅटरी, चार्जर आणि चाकं सगळ्यांना त्याचा भार पडतो. एकाच वस्तूची किंमत पाहून अपग्रेड ठरवू नका.

कमी पैशांत जास्त फरक पाडणारी कामं वेगळी आहेत:

- पंखा थरथरत असेल तर पात्यांचा समतोल साधा. खर्च शून्य, पण बेअरिंग टिकतं आणि आवाज सुधारतो.
- हवा आत येते तिथली आणि पंख्याभोवतीची फट टेपने बंद करा.
- एलिव्हेटरला धातूच्या दातांचा सर्व्हो लावा: ३०० ते ७०० रुपये.
- हाताने फेकून उडवत असाल तर विमान स्थिर ठेवणारा जायरो: अडीच ते चार हजार.
- तारा वाढवायच्याच असतील तर ईएससी ते मोटरमधल्या वाढवा. बॅटरीकडच्या लांब केल्या की ईएससीचे कपॅसिटर जातात.

बदल कुठलाही असो, सीजी म्हणजे गुरुत्वमध्य पुन्हा तपासा. पुस्तिकेत दिलेल्या जागी दोन बोटांवर विमान तोलून पाहा. नाक किंचित खाली झुकलेलं चालेल, शेपटी खाली गेली तर उडवू नका. रेडिओ बंद केल्यावर पंखा थांबतो ना, तेही दर वेळी पाहा.

चार मिनिटांचे साठ रुपये

एक चार्ज म्हणजे विजेचा रुपयाभर खर्च. खरा खर्च बॅटरीच्या झिजेचा. ९ हजारांची बॅटरी दीडशे उड्डाणं टिकली, तर उड्डाणाला ६० रुपये. तीच मे महिन्यात पूर्ण भरून गाडीच्या डिकीत ठेवली आणि तिसाव्या उड्डाणाला फुगली, तर ३००.

म्हणून घरी आल्यावर दर सेल ३.८ ते ३.८५ व्होल्टवर आणून ठेवा. चार्जरवर 'स्टोरेज' असा पर्याय असतो. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर विमान कपाटातच असतं, तेव्हा तर नक्कीच. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नका. चार्जिंग चालू असताना घराबाहेर जाऊ नका.

जागा आणि नियम

तयार जेटची बारीक चाकं डांबरासाठी असतात. आपल्याकडे बहुतेकांच्या वाट्याला मुरमाचं मैदान किंवा कापणी झालेलं शेत येतं. मुरमावर पंखा बारीक खडे ओढतो आणि पाती तुटतात. चाकं काढून हाताने फेकता येणारं ६४ मिलिमीटरचं हलकं जेट अशा जागी जास्त उडतं.

ड्रोन नियम २०२१ नुसार २५ किलोपर्यंतच्या, छंदासाठी आणि नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या मॉडेल विमानांना टाइप सर्टिफिकेट लागत नाही. जागेचे नियम मात्र लागू आहेत. सरकारी नकाशावरच्या हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये ही मर्यादा २०० फूट आहे, ८ किलोमीटरच्या आत परवानगी हवी. डिजिटल स्काय नकाशावर मैदान शोधा, मगच विमान मागवा.

घ्यायचं काय?

अजून एकही विमान नीट उतरवलं नसेल, तर जेट घेऊ नका. वर पंख असलेलं, प्रोपेलरचं फोम ट्रेनर घ्या. रेडिओ-चार्जर वाया जात नाही. हात बसला असेल आणि २५ ते ३० हजार असतील, तर घरी बनवलेलं ६४ मिलिमीटरचं जेट. तयार ८० मिलिमीटरचं जेट तेव्हाच, जेव्हा त्याच्या किमतीइतके पैसे बॅटरी, चार्जर आणि रेडिओसाठी बाजूला असतील आणि जवळ डांबरी पट्टी असेल. आणि जेट कोणतंही असो, पहिल्या उड्डाणाआधी हजार रुपयांचं वॉट मीटर विकत घ्या.