पानांचा अर्क : पारख कशी करावी?



धान्यात कडुनिंबाचा पाला घालण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. मात्र पाल्यात नेमका कोणता घटक आहे आणि तो किडीवर कसे काम करतो, हे परीक्षेनेच ठरते.

घटक वेगळे करणे : पाने सावलीत वाळवून भुकटी करतात. हेक्झेनने मेणचट, तेलकट भाग काढून उरलेल्या भुकटीचा मिथेनॉलमध्ये अर्क काढतात. द्रावक उडवून राहिलेला चिकट अर्क सिलिका जेल भरलेल्या काचनळीतून सोडला की निरनिराळे घटक कमीअधिक वेगाने खाली येतात. प्रत्येक भागाची किडीवर चाचणी घेऊन प्रभावी भागच पुढे शुद्ध करतात. कडुनिंबातील अझाडिरॅक्टिन १९६८ मध्ये बियांपासून वेगळे केले गेले. ते पानांपेक्षा बियांत जास्त असते. म्हणून पाल्याचा अर्क निंबोळी अर्काच्या तोडीचा समजू नये.

चाचणी : एरंडीच्या पानांच्या चकत्या अर्कात बुडवून सुकवतात व त्यांवर पाने खाणाऱ्या, एकाच वयाच्या अळ्या सोडतात. तुलनेसाठी काही चकत्या नुसत्या द्रावकात बुडवून सुकवतात. समजा, अर्कावरील ३० पैकी २१ (७० टक्के) व तुलनेतील ३० पैकी ३ (१० टक्के) अळ्या मेल्या. अॅबट यांच्या १९२५ च्या सूत्राप्रमाणे ७० मधून १० वजा करून आलेल्या ६० ला ९० ने भागावे व १०० ने गुणावे. अर्काचा खरा परिणाम ६६.७ टक्के येतो, ७० नव्हे.

घाई नको : अझाडिरॅक्टिनमुळे अळी कमी खाते व तिला नीट कात टाकता येत नाही. दुसऱ्याच दिवशी मेलेल्या अळ्या मोजून अर्क निकामी ठरवू नये. पान किती खाल्ले गेले तेही पाहावे.

आपल्या शेतात : काही ओळी अर्काविना, फक्त पाणी फवारून ठेवाव्यात. दोन्हीकडील १०-१० झाडांवरील अळ्या फवारणीपूर्वी, तिसऱ्या व सातव्या दिवशी मोजून वहीत लिहाव्यात. अझाडिरॅक्टिन उन्हात लवकर विघटित होते, म्हणून फवारणी सायंकाळी करावी.

सावधगिरी : वनस्पतीपासून मिळालेले सर्वच निर्धोक नसते. तंबाखूच्या पानांतून १८२८ मध्ये वेगळे केलेले निकोटिन माणसालाही विषारी असून ते त्वचेतून शरीरात जाते. अनोळखी पाल्याचा अर्क भाजीपाल्यावर फवारू नये.

अर्काच्या ओळींइतक्याच अळ्या पाण्याच्या ओळींतही कमी झाल्या असतील, तर त्याचे श्रेय अर्काला देता येणार नाही. वहीतील हे आकडेच आपला पुढील खर्च वाचवतील.