सेल्फ फिरतो, पण गाडी चालू होत नाही
मिस्त्रीला बोलावण्याआधी काय पाहावे?

व्यापारी बांधवांनो, मालाची गाडी बंद पडली की गॅरेजचे बिल होते ते दिसते. पण त्या दिवशी जे गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेले, ते वहीत कुठेच लिहिले जात नाही.

माझी ओम्नी एके सकाळी मालेगावात तागे भरून तयार उभी होती. माल मनमाडला पोचवायचा होता. चावी फिरवली, सेल्फ जोरात फिरला, पण इंजिन धरेना. मिस्त्रीने आधी प्लग बदलले. मग टाकीतला पेट्रोल पंप बदलला. तीन दिवस गाडी उभी, माल भाड्याच्या टेम्पोने पाठवला. शेवटी एक म्हातारे वायरमन चाचा आले. त्यांनी एवढेच विचारले, "पंपापर्यंत करंट येतो का, ते कोणी पाहिले?" कोणीच पाहिले नव्हते. पंपाचा रिले गेला होता. जुना पंप चांगलाच होता, पण त्याचे पैसे मी देऊन बसलो होतो.

कापड घेताना आपण तागा उलगडतो, पोत हाताने पाहतो, मगच भाव बोलतो. गाडीच्या बाबतीत मात्र अंदाजाने भाग बदलू देतो.

आधी कान द्या. सेल्फ मंद, रडत फिरत असेल तर बॅटरी उतरलेली किंवा तिची टोके गंजलेली. तो आजार वेगळा. सेल्फ नेहमीसारखा, धक्क्याधक्क्याने फिरतो पण इंजिन धरत नाही, तर बहुधा पेट्रोल तरी पोचत नाही किंवा ठिणगी तरी पडत नाही. आणि सेल्फ एकदम हलका, सरसर फिरू लागला तर टायमिंग बेल्ट तुटल्याचा संशय घ्या आणि चावी पुन्हा फिरवू नका. काही इंजिनांत अशा वेळी व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि खर्च कैक पटीने वाढतो.

आता पेट्रोल. इंजेक्शनच्या गाडीत चावी नुसती 'ऑन' केली, सेल्फ मारला नाही, तरी बहुतेक गाड्यांत टाकीतला पंप दोनेक सेकंद घूंऽऽ करतो. मुलाला टाकीजवळ कान देऊन उभे करा. आवाज आला नाही तर आधी फ्यूज पाहा, मग रिले. त्याच डब्यात त्याच नंबरचा दुसरा रिले, बहुधा हॉर्नचा, असेल तर अदलाबदल करून पाहा. पाच मिनिटांचे काम आहे. काट्यावर भरवसा ठेवू नका. काटा अडकलेला असू शकतो, दोन लिटर पेट्रोल ओतून पाहा.

इथे गॅसवाल्यांना एक सांगतो. गॅस स्वस्त म्हणून पेट्रोलची टाकी कोरडी ठेवण्याची खोड आपल्यात फार आहे. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो. कोरडा फिरला की जळतो. बऱ्याच गॅसच्या गाड्या सुरू पेट्रोलवरच होतात, मग सकाळी रडत बसावे लागते.

पंप बोलतो, तरी गाडी धरत नाही? एक प्लग काढा. बराच वेळ सेल्फ मारूनही प्लग कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही. ओला आणि पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल येते, ठिणगीत खोट आहे. ठिणगी पाहण्याचे काम मिस्त्रीवरच सोडा. वायर हातात धरून झटका बघणे जुन्या गाडीतही धोक्याचे होते, नव्या गाडीत त्याहून जास्त, आणि जवळ पेट्रोलची वाफ असते. पावसाळ्यात ओलाव्याने वायरी करंट सोडतात. गोदामात गाडी ठेवणाऱ्यांनी उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही शोधाव्यात, ताग्यांचे शत्रू तेच.

नव्या गाड्यांत चावीची चिप ओळखली गेली नाही तरी असेच होते. डॅशबोर्डवर चावीचे किंवा कुलुपाचे चिन्ह लुकलुकते. दुसरी चावी लावून पाहा.

डिझेल टेम्पोत प्लगच्या ठिणगीचा प्रश्नच नाही. तिथे फिल्टरमधले पाणी आणि पाइपात धरलेली एअर आधी पाहावी. डिझेल संपून गाडी थांबली असेल तर नुसते डिझेल भरून ती बहुधा धरत नाही, हातपंपाने एअर काढावी लागते.

काहीही तपासताना सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा. नाहीतर एका आजारात बॅटरी आणि सेल्फ हे आणखी दोन वाढतात.

मिस्त्रीला फोन कराल तेव्हा "गाडी बंद आहे" एवढेच सांगू नका. सेल्फ कसा फिरतो, पंपाचा आवाज येतो का, प्लग ओला की कोरडा, हे सांगा. आणि भाग बदलायचा म्हणाला तर चाचांचा प्रश्न विचारा: तिथपर्यंत करंट येतो का?