मूठ हलवून पाहिली का?

खंडेनवमीला आमच्या शेजारच्या घरात अवजारं मांडली होती. चार कोयते, एक विळा, एक कुऱ्हाड आणि ओळीच्या शेवटी एक काळी, लांब, किंचित वाकलेली तलवार. जपानी. नववीतल्या नातवाने मोबाईलवरून मागवलेली. आजीने कोयत्यांना वाहिलं तसं तिलाही हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. पूजा आवरताना तिने ती मुठीला धरून उचलली आणि हातभर वर येताच मूठ हातात राहिली, पातं सुटून टोकावर खाली आलं. आजीच्या अंगठ्यापासून वीतभर अंतरावर फरशीचा टवका उडाला.

आजी पात्याकडे बघून म्हणाली, "मेलं हे कसलं हत्यार! ह्याच्यापरीस माझा विळा बरा."

सगळे हसले, मीही हसले. रात्री मात्र ते पातं डोळ्यांसमोरून हलेना. वीतभर अलीकडे पडलं असतं तर? आणि आजीच्या जागी तिची पाच वर्षांची नात वाकली असती तर? मी शाळेत तीस वर्षं काढली. पोरांच्या दप्तरात काय काय निघतं ते पाहिलंय. तरी हे नवीन होतं, म्हणून आज तुमच्याशी बोलायला बसले.

तुमच्यातले बरेच जण दसरा उरकला की संसार ट्रॅक्टरवर चढवून ऊस तोडायला कारखान्याच्या वाटेला लागतात. हे तुम्ही वाचाल, किंवा कुणी फोनवर वाचून दाखवील, तेव्हा कोपीसमोर चूल पेटलेली असेल. लेकरं इकडे आजीपाशी, नाहीतर हंगामी वसतिगृहात. आणि लेकरांकडे फोन असतो, कारण फोन नसला तर तुमचं त्यांच्याशी बोलणं कसं व्हायचं? त्याच फोनवरून हजार-दोन हजारांत तलवार घरपोच येते. खोक्यावर लिहिलेलं असतं सजावटीची वस्तू. आजीला वाचता येत नाही, ती अंगठा लावावा तसं नातवाच्या शब्दावर पार्सल घेते. ह्यात आजीची काही चूक नाही.

पण तुम्हाला पातं कळतं. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. जिथं माणसाची मोजदादच कोयत्यानं होते तिथल्या आईबापाला पात्याबद्दल मी काय शिकवणार? उलट तुम्हीच मला सांगा, बाजारात नवा कोयता घेताना तुम्ही आधी काय बघता? धार नाही बघत. धार नंतर लावता येते. तुम्ही मूठ हलवून बघता. पातं मुठीत किती खोल गेलंय, हलतंय का, ठोकल्यावर आवाज बद येतो की खणखणीत. कुऱ्हाडीचा दांडा ढिला झाला तर पाचर मारल्याशिवाय कुणी घाव घालत नाही, आणि घालणाऱ्याच्या समोर कुणी उभं राहत नाही.

हाच एक प्रश्न ह्या तलवारीला कुणी विचारत नाही. मी विचारला. शेजारच्या पोराकडून ती सुटलेली मूठ मागून घेतली आणि आत पाहिलं. सुबक काळी दोरी गुंडाळलेली, पण आत मूठ जवळजवळ पोकळ. पातं मुठीत शिरलेलंच नाही. पात्याच्या बुडाला पेनाच्या कांडीएवढी बारीक सळई वेल्डिंगनं चिकटवलेली, तिला आटे, आणि मुठीच्या टोकाला एक नट. हातभराहून लांब पातं त्या एका डागावर तोललेलं. तलवार फिरवली की सगळा झोक त्याच डागावर येतो. नट सैल होतो किंवा डाग तडकतो, आणि मूठ पोराच्या हातात राहून पातं ज्या दिशेला निघालं त्या दिशेला जातं. समोर मोबाईल धरून चित्रण करणारा मित्र असतो. तो बहुतेक वेळा अगदी समोरच असतो.

जपानात घडवलेल्या खऱ्या तलवारीची, म्हणजे कटानाची, गोष्ट वेगळी आहे. तिचं पोलाद मुठीत खोलवर जातं, आणि बांबूची एक छोटी खुंटी आरपार जाऊन दोघांना धरून ठेवते. तलवार हाती घेण्याआधी ती खुंटी तपासायची, हा तिथल्या शिस्तीचा पहिला धडा. म्हणजे तीही पाचरच की! आपल्याकडच्या जुन्या तलवारी लाख ओतून मुठीत पक्क्या बसवत. कुठल्याही मुलखातल्या हत्याराच्या माणसाला पहिली काळजी मुठीची असते.

पोलादाचंही तेच. आपला लोहार जुन्या गाडीच्या कमानपाट्यातून कोयता घडवतो आणि धारेला पाणी देतो. ते नेमकं साधलं की पातं पाणीदार. जपानी लोहार पात्याच्या पाठीवर मातीचा जाड थर देतो, धारेवर पातळ, आणि तापलेलं पातं पाण्यात बुडवतो. धार झटकन निवते म्हणून कडक होते, पाठ सावकाश निवते म्हणून चिवट राहते. घाव बसला की पाठ तो सोसते. स्वस्त तलवारीचं पातं बहुधा स्टेनलेस स्टीलचं असतं. स्वयंपाकघरातल्या वीतभर सुरीला ते उत्तम. पण हातभर लांबीचं करून कशावर आपटलं तर वाकण्याऐवजी ते काडकन तुटू शकतं. अमेरिकेतल्या एका टीव्ही खरेदीच्या कार्यक्रमात हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालं. विकणारा गृहस्थ तलवार किती भक्कम आहे ते दाखवायला ती टेबलावर आपटत होता. पातं तुटलं आणि टोक उडून त्याच्याच अंगात घुसलं. हे चित्रण अजून मोबाईलवर फिरतंय. पोराला ते दाखवा, माझ्या बोलण्यापेक्षा ते जास्त काम करील.

"पण बाई, तिला धारच नाही," असं मला एका वडिलांनी सांगितलं. धार नसेल, टोक तर आहे? बोथट पत्रासुद्धा वेगात आला की कापतो. शिवाय पोरं तिला धार लावतात. वेल्डिंगच्या दुकानात ग्राइंडर असतोच, आणि ग्राइंडरखाली तापून पात्याचं उरलंसुरलं पाणीही उतरतं. म्यान पातळ लाकडाचं नाहीतर प्लॅस्टिकचं. पडद्यावरच्या नायकासारखी झटकन तलवार उपसताना डावा हात म्यानाच्या तोंडाशी असतो. शिवण उकलली की पातं सरळ तळहातातून जातं. आणि आपल्या खोल्या केवढ्या? वर पंखा, बाजूला पाळणा, कोपऱ्यात गॅसची नळी.

आता कायद्याचं, कारण त्यातही एक कोयता आहे. शस्त्र नियम २०१६ च्या यादीत तलवारीचं नाव सरळ लिहिलेलं आहे, आणि नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारांचा उल्लेख आहे. त्यातून शेतीची आणि घरकामाची अवजारं वगळली आहेत. म्हणजे तुमचा कोयता उसाच्या फडात अवजार आहे, भांडणात उगारला तर हत्यार. पुण्याच्या वर्तमानपत्रांनी 'कोयता गँग' हा शब्द रूढ केला तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. आपल्या भाकरीचं नाव कुठं जाऊन बसलं! पण कटानाला फडात काम नाही. खोक्यावर सजावट लिहिलं म्हणून ती विळ्याच्या ओळीत बसत नाही, आजीने कितीही हळदीकुंकू वाहिलं तरी. अशा वेळी पोलीस बहुधा शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४ आणि २५ खाली गुन्हा नोंदवतात. सणासुदीला, निवडणुकीत जिल्ह्यात मनाई आदेश असतो, तेव्हा ती घेऊन चौकात नुसतं उभं राहणंही महागात पडतं.

हे काही आपल्यापासून लांबचं नाही. मे २०१८ मध्ये औरंगाबादेत दंगल झाली, आणि त्याच महिन्यात पोलिसांनी ऑनलाईन मागवलेल्या तलवारी, चाकू, कुकऱ्या जप्त केल्या. एप्रिल २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडला कुरिअरची खोकी यंत्राखालून जाताना ९० हून अधिक तलवारी सापडल्या. त्यातल्या बहुतेक अमृतसरहून औरंगाबादकडे निघाल्या होत्या. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाल्यापासून तर इथल्या कुणाच्याही हातातलं हत्यार, मग ते खरं असो की शोभेचं, पोलिसांच्या नजरेतून सुटत नाही. तलवारीने केक कापल्याची रील टाकायची आणि दुसऱ्या दिवशी ठाण्यात हात जोडून उभं राहायचं, असं झालंय. आपली पोरं पहाटे पाचला रस्त्यावर पळतात ती पोलीस भरतीसाठी. त्या भरतीत चारित्र्य पडताळणी असते, आणि पंधरा सेकंदांची रील तिथं आडवी येऊ शकते. घरात हे बोलताना भीती घालायला नको, एवढं सांगितलं तरी पुरे.

इंग्लंडमध्ये वुल्व्हरहॅम्प्टन शहरात जून २०२२ मध्ये सोळा वर्षांच्या एका मुलाला घराजवळच मारलं गेलं, तेही दुसराच कुणी समजून. मारणाराही त्याच्याच वयाचा. तलवार त्याने ऑनलाईन मागवली होती आणि त्यासाठी आईची ओळख वापरली होती. मारल्या गेलेल्या मुलाच्या घरच्यांनी पाठपुरावा केला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून तिथं निंजा तलवारींवर बंदी आली. मला ह्यातलं आईचं नाव टोचतं. आपल्या घरीही पार्सल कुणाच्या नावावर येतं ते एकदा बघा.

इथवर मी धोक्याचं बोलले. आता थोडं लेकराच्या बाजूने बोलते, कारण त्याला तलवार का हवी हे कुणी विचारलेलं नसतं.

मी विचारलं. तो म्हणाला, "तांजिरोची आहे." म्हटलं, कोण बाबा हा? मग त्यानेच मला मोबाईलवर 'डीमन स्लेयर' हे जपानी कार्टून दाखवलं, हिंदीतून. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचा सिनेमा आपल्याकडेही लागला होता. मला वाटलं नुसती कापाकापी असेल, आणि ती आहेच. पण हा तांजिरो कोण? डोंगरातल्या गरीब घरातला थोरला मुलगा. बाप नाही. कोळसा विकून भावंडांना जगवतो. एका रात्री घर उद्ध्वस्त होतं, बहीण तेवढी वाचते पण तिचं भलतंच काही होऊन बसतं, आणि हा तिला पेटीत घालून पाठीवर घेऊन हिंडतो.

आता मला सांगा, तुम्ही फडात असता तेव्हा तुमचा थोरला इकडे काय करतो? धाकटीची वेणी घालतो, शाळेत पोचवतो, आजीच्या गोळ्या आणतो. डोंगर बालाघाटाचा, एवढाच फरक. त्याला ती तलवार कुणाला मारायला नको आहे. मी धाकटीला सांभाळतोय, मी भक्कम आहे, असं त्याला काहीतरी हातात धरावंसं वाटतं. हे कळल्यावर माझा राग ओसरला.

म्हणून एकदम हिसकावून घेऊ नका, आणि विहिरीत किंवा भंगारात तर मुळीच टाकू नका. तिथून ती दुसऱ्या लेकराच्या हाती जाते. गावातल्या पोलीस पाटलांना सांगा, त्यांना सोबत घेऊन ती ठाण्यात जमा करा. खेळायला लाकडी तलवार द्या. कोल्हापूरकडे मर्दानी खेळ शिकणारी पोरंही आधी लाठीच फिरवतात, आणि जपानी तलवारबाजीच्या शाळांतही सराव लाकडी तलवारीवर चालतो. लाकडाची म्हणजे कमीपणाची नव्हे, हे त्याला पटेल. 'वन पीस' ह्या दुसऱ्या जपानी कार्टूनमधला झोरो तिसरी तलवार दातात धरतो. तेवढं मात्र लाकडी तलवारीनेही नको. दात किती महाग झालेत!

आणि जखम झालीच तर आजीला आजच फोनवर सांगून ठेवा. स्वच्छ फडकं जखमेवर घट्ट दाबून धरायचं, हात वर ठेवायचा. हळद, तंबाखू, चुना काही भरायचं नाही. तुकडा आत रुतला असेल तर ओढायचा नाही, तसाच सांभाळून न्यायचा. १०८ ला फोन करायचा. तळहात कापला असेल तर रक्त थांबलं तरी दवाखाना टाळायचा नाही. एकेक बोट वाकवायला सांगायचं. वाकत नसेल किंवा बधिर लागत असेल तर आतली शीर नाहीतर नस तुटलेली असू शकते, आणि ती वेळेत शिवली नाही तर बोट कायमचं ताठ राहू शकतं. बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, जे जवळ असेल तिथं जायचं. धनुर्वाताचं इंजेक्शन विचारून घ्यायचं.

शेजारच्या त्या पोराच्या वडिलांना मीच फोन लावून दिला. ते सांगली जिल्ह्यात होते, मागे ट्रॉली भरायचा आवाज येत होता. मला वाटलं आता शिव्या ऐकायला मिळणार. ते एवढंच म्हणाले, "व्हिडिओ लाव. मूठ दाखव." पोराने सुटलेली मूठ आणि ती बारीक सळई कॅमेऱ्यासमोर धरली. पलीकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही.

"ह्याच्यावर तू हात टाकत होतास?" वडील म्हणाले. "कोयता असा असता तर मी परत केला असता दुकानदाराला."

पोरगं म्हणालं, "त्या गोष्टीतला लोहार पण लई चिडतो, पप्पा. तलवार तुटली की सुरी घेऊन मागं लागतो."

"चिडणारच की," वडील म्हणाले. "कोण आहे तो? मलाही दाव एकदा."

पोलीस पाटील दुसऱ्या दिवशी तलवार घेऊन गेले. तिच्यासोबत आलेला लाकडी स्टँड घरातच राहिला. त्यावर सध्या आजीची काठी असते.