उतारवयात प्रोस्टेट ग्रंथी का वाढते?

दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी पेन्शनर मंडळी आमच्या शिंदखेड्याच्या बँकेत येतात. गेल्या खेपेस एक आबा रांग सोडून तीनदा बाहेर गेले. मग काउंटरशी वाकून हळूच म्हणाले, "भाऊसाहेब, धुळ्याला एस.टी.ने जायचं म्हटलं की मी सकाळपासून पाणीच पीत नाही." मी डॉक्टर नाही, परंतु वडिलांच्या आजारात जे वाचले, विचारले, ते येथे मांडतो.

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली पुरुषांची ग्रंथी होय. मूत्रनलिका तिच्या मधूनच जाते. तरुणपणी तिचे वजन सुमारे २० ग्रॅम, आकार अक्रोडाएवढा. चाळिशीनंतर ती हळूहळू वाढू लागते.

वाढीची मुख्य कारणे दोन : वय आणि पुरुषी संप्रेरके. टेस्टोस्टेरॉनपासून या ग्रंथीत एक अधिक जोरकस संप्रेरक तयार होते व त्यामुळे पेशी वाढतात. फिनास्टेराइड हे औषध हीच क्रिया रोखते. म्हणून काही महिन्यांत ग्रंथी आकसते. वडिलांना किंवा भावाला त्रास असल्यास आपलीही शक्यता वाढते. सुटलेले पोट, मधुमेह व बैठे काम यांचाही संबंध आढळला आहे (म्हणजे आम्ही खुर्चीवाले आलोच!). तरुणपणच्या वागण्याचे हे फळ, ही समजूत मात्र चुकीची आहे. ही वाढ म्हणजे कर्करोगही नव्हे. तथापि लक्षणे सारखी असू शकतात, म्हणून तपासणी हवीच.

आकार आणि त्रास यांचा मेळ बसतोच असे नाही. माझ्या वडिलांची ग्रंथी बरीच मोठी असूनही तक्रार किरकोळ होती. एकदा त्यांनी दुकानातून सर्दीची गोळी आणून घेतली आणि रात्री लघवी पूर्ण अडली. अशा काही गोळ्यांनी मूत्राशयाचे तोंड आवळते, हे आम्हांस ठाऊक नव्हते. पहाटे जीप करून धुळ्याला नेले, नळी घातली, तेव्हा त्यांचा जीव खाली पडला. दोन वर्षे लाजेखातर ते घरात कोणाला काही बोलले नव्हते.

२००७ साली पंतप्रधान असताना डॉ. मनमोहन सिंग यांच्यावर दिल्लीच्या एम्समध्ये प्रोस्टेटचीच शस्त्रक्रिया झाली, आणि ती बातमी साऱ्या देशाने वाचली.

आबांना मी एवढेच सांगितले : खान्देशच्या उन्हात पाणी तोडू नका, त्याने मूतखडा व जंतुसंसर्ग ओढवतो. दिवसा प्या, झोपण्यापूर्वी दोन तास कमी करा, रात्रीचा चहा सोडा. धुळ्यास गेलात की सरकारी दवाखान्यात सोनोग्राफी करून घ्या. त्यांनी पासबुकामागे ते लिहून घेतले.