भाऊबीजेआधीचे केदारनाथ

केदारनाथचे दरवाजे भाऊबीजेला बंद होतात, पुढे बर्फ. म्हणून दसरा झाला की परभणीचे यात्रेकरू माझ्याकडे तपासणीला येतात. विचारतात थंडीचे. कानटोपी, स्वेटर घ्याच. पण मला धास्ती उंचीची. गौरीकुंड सुमारे २,००० मीटरवर, मंदिर ३,५८० मीटरवर. तिथे हवा विरळ, श्वासागणिक प्राणवायू कमी मिळतो. म्हणून गौरीकुंडाला एक मुक्काम करावा. वर डोके दुखले, मळमळले, तर पित्त समजून पुढे चढू नये, तिथेच थांबावे. बसल्या जागी धाप लागली किंवा तोल जाऊ लागला, तर ऑक्सिजन देऊन रुग्णाला लगेच खाली आणावे, दर्शन राहिले तरी. घोड्यावरून गेल्यास त्रास होत नाही, हा गैरसमज आहे. घोडा पाय वाचवतो, उंची नव्हे.