देव नाही असे म्हणणाऱ्यांची कारणे

शास्त्रपाठ : स्तोत्र ७३, लूक १३:१–५, योहान २०:२४–२९, १ पेत्र ३:१५

पाठाचा उद्देश : नास्तिक झालेली माणसे जी कारणे देतात ती नीट ऐकणे, त्यांतील प्रत्येकाचे वजन पाहणे, आणि कोणत्या कारणाला कसे उत्तर द्यावयाचे हे ठरविणे.

प्रास्ताविक

आपल्या मंडळ्यांतील मुलेमुली शिक्षणासाठी इंदूरला, पुण्याला, मुंबईला जातात. सुटीत घरी आल्यावर त्यांतील एखादा आईला सांगतो, "मी उपासनेला येत नाही. देव आहे असे मला वाटत नाही." घरात रडारड होते, वडील रागावतात, पाळकसाहेबांना बोलावणे जाते. वाईट संगत, नको ती पुस्तके, शिक्षणाचा गर्व, असे निदान सर्वांनी केलेले असते. मात्र तो असे का म्हणतो, हे त्याला बहुधा कोणी विचारीत नाही. ऐकून घेण्यापूर्वी उत्तर देणाऱ्याविषयी नीतिसूत्रे १८:१३ मध्ये काय म्हटले आहे, ते शिक्षकांनी अवश्य वाचावे.

१. 'नास्तिक' कोणाला म्हणावे?

आपल्या देशातील जुन्या शास्त्रकारांनी हा शब्द मुख्यतः वेदांचे प्रामाण्य न मानणाऱ्यांसाठी वापरला. त्यामुळे चार्वाकांबरोबर जैन आणि बौद्धही नास्तिक ठरले. आपल्या पूर्वजांवरही हा आरोप आलेला आहे. रोमी साम्राज्यात ख्रिस्ती लोक मूर्तींपुढे धूप जाळीत नसत, म्हणून त्यांना नास्तिक म्हणत. दुसऱ्या शतकात स्मुर्णा येथील वृद्ध अध्यक्ष पॉलिकार्प यांना जिवे मारण्यात आले, तेव्हा जमावाची ओरड नास्तिकांना नाहीसे करा अशीच होती.

यावरून शिक्षकाने एक गोष्ट शिकावी. कोणी "मी देव मानीत नाही" म्हणाला, तर प्रथम विचारावे, "कोणता देव तू मानीत नाहीस?" पुष्कळदा असे दिसून येईल की तो ज्या देवाला नाकारतो, त्याला आपणही मानीत नाही. नवस फेडला नाही म्हणून मूल आजारी पाडणारा देव, पैसे दिले की परीक्षेत पास करणारा देव, हा प्रभू येशूचा पिता नव्हे.

२. "गर्वाने नास्तिक झाला"

हे कारण नास्तिक स्वतः देत नाहीत. आपण त्यांच्यावर लादतो. सरदार भगतसिंग यांनी लाहोरच्या तुरुंगात १९३० साली आपण नास्तिक का आहोत यावर निबंध लिहिला. त्यांच्या काही मित्रांना वाटे की गर्वामुळे त्यांनी देव सोडला. निबंधाचा आरंभच या आरोपाचा विचार करून होतो. फाशी समोर असताना, पुढे स्वर्गाची आशा नसताना, त्यांनी आपले मत बदलले नाही. २३ मार्च १९३१ रोजी वयाच्या तेविसाव्या वर्षी ते फासावर गेले. त्यांचे मत आपल्याला मान्य नाही. पण ते सोयीसाठी धरलेले मत होते असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

येथे कोणी स्तोत्र १४ पुढे करील. तेथे देव नाही असे मनात म्हणणाऱ्याला मूढ म्हटले आहे. पण तेथील इब्री शब्द बुद्धीच्या कमतरतेपेक्षा आचरणातील दुष्टपणा दाखवितो, आणि पुढील वचने गरिबांना खाऊन टाकणाऱ्यांविषयी बोलतात. तोंडाने देवाचे नाव घेऊन शेजाऱ्याला लुबाडणारा मनुष्यही त्या स्तोत्राच्या कचाट्यातून सुटत नाही. म्हणून शंका विचारणाऱ्या मुलाच्या डोक्यात हे वचन दगडासारखे घालू नये.

३. "देवाच्या नावाने अन्याय चालतो"

या कारणाचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे गोपाळ गणेश आगरकर (१८५६–१८९५). कऱ्हाडजवळील टेंभू गावी गरिबीत जन्मलेला हा मनुष्य पुढे 'केसरी'चा संपादक झाला, १८८८ साली त्याने 'सुधारक' काढला, आणि अखेरची वर्षे तो फर्ग्युसन कॉलेजचा प्राचार्य होता. बालविवाह आणि विधवांचे केशवपन यांविरुद्ध आगरकरांनी लेखणी चालविली. या चालींना धर्माचा आधार दाखविला जाई, तेव्हा त्यांनी विवेकबुद्धीची कसोटी पुढे केली. ते जिवंत असताना विरोधकांनी पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढली. काही अभ्यासक त्यांच्या मताला नास्तिकवादापेक्षा अज्ञेयवाद म्हणतात, म्हणजे देवाविषयी मनुष्याला निश्चित ज्ञान होऊ शकत नाही असे मत.

याचे वजन किती? अन्याय करणाऱ्याने देवाचे नाव घेतले, एवढ्यावरून देव नाही असे सिद्ध होत नाही. खोट्या सहीने कोणी पैसे उचलले, तर ज्याची सही आहे तो मनुष्यच नाही असे आपण म्हणत नाही. पण अन्यायाविषयी आगरकरांना आलेला संताप खरा होता, आणि आमोस व यशया यांच्या ग्रंथांत तोच संताप आहे. अशा मनुष्याला उत्तर देण्यापूर्वी आपण कोणत्या बाजूला उभे आहोत, हे पाहिले पाहिजे.

४. "जगात इतके दुःख का?"

हे सर्वांत जड कारण होय. सर्वसमर्थ देव दुःख आणि जुलूम का थांबवीत नाही, हा प्रश्न भगतसिंगांनीही विचारला आहे. ईयोबाने तोच विचारला. आसाफाचे पाय तर जवळजवळ घसरले होते, असे स्तोत्र ७३ सांगते. हा प्रश्न शास्त्राच्या बाहेरचा नाही. तो देवाच्या लोकांनी देवापुढेच मांडलेला आहे.

पंडिता रमाबाईंचे चरित्र या ठिकाणी लक्षात घ्यावे. १८७० नंतरच्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली. कुटुंबाने तीर्थयात्रा, उपासतापास, दानधर्म सर्व केले होते. रमाबाई व त्यांचे भाऊ श्रीनिवास यांचा जुना विश्वास त्या वणवणीत ढासळला. १८८३ साली इंग्लंडमध्ये रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. पुढे १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना आपल्याबरोबर घेऊन आल्या. केडगावच्या मुक्तीचे काम त्यातून वाढले. दुष्काळ का पडतो याचे उत्तर त्यांनी दिले असे नाही. पण भूक सोसलेली स्त्री उपाशी मुलीजवळ गेली, हे देखील एक प्रकारचे उत्तरच आहे.

प्रभूनेही शिलोहातील बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांविषयी बोलताना, ते इतरांहून अधिक पापी होते हे मत नाकारले. म्हणून ज्याच्या घरात मृत्यू झाला आहे त्याला "देवाची इच्छा" असे चटकन सांगू नये. आमच्याकडे पूर्ण उत्तर नाही, हे प्रामाणिकपणे कबूल करावे. देव दुःखापासून दूर राहिला नाही, तो वधस्तंभापर्यंत आला, ही आमची साक्ष आहे. ती साक्ष रडणाऱ्याबरोबर बसून द्यावी.

५. "विज्ञानाने देव अनावश्यक केला"

उज्जैनला क्षिप्रेकाठी सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात उभारलेली वेधशाळा आहे. तेथील सम्राट यंत्राच्या सावलीवरून स्थानिक वेळ कळते. ती वेळ काढण्यास देवाचे नाव घ्यावे लागत नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्या वेळी दारात भुकेला उभा असेल तर त्याला अन्न द्यावे की नाही, हे ते यंत्र सांगत नाही. विज्ञान 'कसे' याचा शोध घेते. 'कशासाठी' हा प्रश्न शिल्लक राहतो.

मात्र येथे आपल्या शिकविण्यात दोष शिरतो. पवित्र शास्त्र किंवा विज्ञान, यांतील एकच निवड, असे मुलाला सांगितले तर कॉलेजात गेल्यावर तो निवड करील आणि आपल्याला सोडून जाईल. अमेरिकेतील वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे हे डार्विनचे पाठीराखे होते आणि श्रद्धावान ख्रिस्तीही होते. अशी उदाहरणे शब्बाथशाळेत सांगितली पाहिजेत.

६. "विश्वासणाऱ्यांचे वागणे पाहिले"

हे कारण ऐकताना आपली मान खाली जाते. मंडळीच्या मालमत्तेवरून कोर्टकचेऱ्या, पंचकमिटीच्या निवडणुकीतील भांडणे, लग्न ठरविताना हळूच विचारलेली जात, हे सर्व मुले घरातच पाहतात. आपल्यामुळे देवाच्या नावाची निंदा होते, हा रोमकरांस पत्र २:२४ मधील ठपका प्रथम देवाच्या लोकांवर आहे.

डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः देव मानीत नसत. पण त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा विरोध देवधर्माच्या नावाने होणाऱ्या शोषणाला होता. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. आपल्यातही औषध बंद करावयास लावणाऱ्या, बरे करण्याचे सोहळे मांडून पैसे गोळा करणाऱ्या सभा होतात. त्यांवर टीका झाली की धर्मावर हल्ला झाला असे म्हणणे बरोबर नाही. खोट्या संदेष्ट्यांपासून सावध राहण्यास आपल्याला प्रभूनेच सांगितले आहे (मत्तय ७).

७. कारण आणि पुरावा

एक भेद शिक्षकांनी स्पष्ट ठेवावा. मनुष्य एखाद्या मताकडे कशामुळे वळला हे एक, आणि ते मत खरे की खोटे हे दुसरे. "तू दुखावलास म्हणून नास्तिक झालास" एवढे म्हटल्याने त्याचे मत खोटे ठरत नाही. तोही म्हणेल, "आपण ख्रिस्ती घरात जन्मलात म्हणून विश्वास ठेवता." दोघांनीही पुरावा पाहिला पाहिजे. थोमाने पुरावा मागितला तेव्हा प्रभूने त्याला बाहेर घालविले नाही. आपले हात पुढे केले. आणि त्याआधीचा आठवडाभर, शंका असतानाही, इतर शिष्यांनी थोमाला आपल्यात राहू दिले होते, हे विसरू नये.

विचार करूनही काही जण विश्वास ठेवणार नाहीत. त्यांच्याशी सौम्यतेने व आदराने वागावे, असे पेत्र सांगतो. घरचे जेवण, आईची माया आणि मंडळीचे दार या गोष्टी विश्वासाची किंमत म्हणून मागे घ्यावयाच्या नसतात.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वर्गात मुलाने विचारलेला कोणता प्रश्न आपण उत्तर न देता टाळला?
२. वर सांगितलेल्या कारणांपैकी कोणती कारणे देवाविरुद्ध आहेत, आणि कोणती आपल्याविरुद्ध?
३. उपासनेस येणे बंद केलेल्या एखाद्या तरुणाकडे या महिन्यात कोण जाईल? त्याला काय विचारील?
४. यहूदाचे पत्र, वचन २२ वाचा. संशयात असलेल्यांशी आपली मंडळी कशी वागते?